सुट्टीचा प्रवास आणि दानाचा वाटा

शास्त्रपाठ : अनुवाद १६:१३-१७, लूक १०:३०-३७, करिंथकरांस दुसरे पत्र ८:१६-२१



दिवाळीचे दिवस जवळ आले की सचिन गावाचे रूप पालटते. एके काळी हे सिद्दी नवाबांच्या लहानशा संस्थानाचे गाव होते. आज सुरत जिल्ह्याबाहेर ते औद्योगिक वसाहतीमुळेच ओळखले जाते. वर्षभर रात्रंदिवस खडखडणारे माग ह्या दिवसांत एकेक करून थांबतात. खोल्यांच्या रांगांतून पेट्या आणि पिशव्या बाहेर पडतात. खानदेशातले आपले मराठी बांधव उधना स्टेशन गाठून नंदुरबार-जळगावकडची गाडी धरतात. ज्यांना गावी जायचे नसते ते डुमसच्या किनाऱ्यावर गरम भजी खाऊन येतात, किंवा चार कुटुंबे मिळून गाडी ठरवतात आणि सापुताऱ्याला दोन दिवस काढून येतात. ह्या सुट्टीवर कितीतरी लहान धंदे उभे आहेत : बस भाड्याने देणारा, सहली काढणारा, खोल्या देणारा, वाटेवर चहा विकणारा. आपल्या मंडळ्यांतही असे व्यवसाय करणारे बांधव आहेत. आणि सहलीला जाणारे तर आपण सगळेच आहोत.

म्हणून ह्या महिन्यात आम्ही आपल्यापुढे एक साधा प्रश्न ठेवीत आहो. विश्रांती, प्रवास आणि आनंद ह्यांचा जो धंदा आहे, त्याचा देवाच्या राज्याशी काही संबंध आहे काय? की रविवारी मंडळीत अर्पणाची थैली फिरते तेवढाच दानाचा विषय, आणि सहलीचा खर्च हा आपला खाजगी विषय?

१. प्रवासाचा आनंद देवाने नेमिला आहे

पुष्कळ भाविक लोकांच्या मनात अशी समजूत असते की, देवाला आपले काम आवडते, आपला त्याग आवडतो, पण आपली मौज त्याला फारशी रुचत नाही. पवित्र शास्त्र असे म्हणत नाही. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोकांना वर्षातून तीन वेळा घर सोडून प्रवास करावयास सांगितले आहे : बेखमीर भाकरीच्या सणाला, सप्ताहांच्या सणाला आणि मांडवांच्या सणाला. मांडवांचा सण येतो तो खळ्यातले व द्राक्षकुंडातले काम उरकल्यावर, म्हणजे आपल्याकडे माग थांबतात तशाच वेळी. सात दिवस लोकांनी मांडवात राहावयाचे आणि आनंद करावयाचा. तेथे आनंद करण्याची नुसती परवानगी नाही, ती आज्ञा आहे.

त्याच पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात (वचने २४ ते २६) आणखी एक गोष्ट आहे. ती संडे स्कूलमध्ये क्वचितच शिकविली जाते. यरुशलेमची वाट फार लांब असेल, दशांश वाहून नेणे अवघड असेल, तर त्याचे पैसे करावेत, ते गाठीला बांधावेत, त्या ठिकाणी जाऊन मनाला आवडेल ते विकत घ्यावे आणि घरच्या माणसांसह देवासमोर जेवून आनंद करावा. पाहा, प्रवासखर्चाची गाठ बांधावयास शास्त्रच सांगत आहे! वर्षभर कारखान्याच्या उष्णतेत राबणाऱ्या माणसाने मुलाबाळांना दोन दिवस डोंगर दाखविला तर त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. आणि ज्या बांधवाने प्रामाणिकपणे ती सहल काढिली त्यानेही आपला धंदा हलका समजू नये.

२. पण त्या आनंदाच्या यादीत कोण कोण आहे?

आता अनुवाद १६:१४ काळजीपूर्वक वाचावे. आनंद कोणी करावयाचा त्यांची तेथे यादीच आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी. इतके तर आपल्या लक्षात येते. पण यादी तेथे संपत नाही. तुझ्या वेशीच्या आत राहणारा लेवी, परका, पोरका आणि विधवा हीही त्या यादीत आहेत. म्हणजे ज्याच्याजवळ जमीन नाही, ज्याच्याजवळ आपली माणसे नाहीत, ज्याच्या घरात कमावता नाही, अशांच्या नावावाचून सणाची यादी पुरी होत नाही. शेवटी सतराव्या वचनात नियम घालून दिला आहे की, परमेश्वराने ज्याला जसा आशीर्वाद दिला असेल त्या मानाने प्रत्येकाने द्यावे.

बंधुभगिनींनो, परका, पोरका आणि विधवा ही केवळ जुन्या करारातील माणसे नाहीत. ती आपल्या वेशीच्या आत आहेत. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रसायन नाल्यात सोडले जात असता विषारी वायू पसरला, आणि जवळच असलेले सहा कामगार मरण पावले. ६ जुलै २०२४ रोजी सचिनच्या पाली भागात एक इमारत कोसळून सात जण दगावले. पोटासाठी लांबून आलेल्या माणसांवर हे प्रसंग आले. वर्तमानपत्रांत दोन-तीन दिवस बातमी येते, आणि मग ती मागे पडते. पण त्या घरांतली दिवाळी पुढच्या वर्षी येते, त्याच्याही पुढच्या वर्षी येते. गाडीचे तिकीट काढावयास कोणी नसते, आणि गावी जावे तर कोणाकडे, हाही प्रश्न असतो. माग थांबले, सगळी रांग रिकामी झाली, आणि एका खोलीत दिवा जळतो आहे, असे दृश्य सणाच्या दिवसांत पाहावयास मिळते. मांडवांच्या सणाची आज्ञा त्या खोलीविषयी आहे.

आपल्या मंडळीच्या सहलीचीच गोष्ट घ्या. संडे स्कूलची सहल ठरते, माणशी वर्गणी ठरते, फलकावर नावे लागतात. दोन-तीन मुलांची नावे येत नाहीत. विचारले तर त्या दिवशी पाहुणे येणार आहेत, पोट दुखत आहे, असे उत्तर मिळते. शिक्षकाने खरे कारण ओळखावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपल्या घरची अडचण झाकण्यासाठी खोटे बोलावे लागते, ही लहान गोष्ट नव्हे. ज्या सहलीमुळे एक लेकरू असे बोलावयास शिकते, ती सहल आपण देवाच्या नावाने काढितो, हे आपण विसरू नये.

३. धंद्यातून दान झाल्याचे एक उदाहरण

व्यवहार आणि दान एकत्र नांदू शकतात काय? जगाच्या इतिहासात सहलींचा धंदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो मनुष्य एक ख्रिस्ती सुवार्तिक होता, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. टॉमस कुक ह्याचा जन्म १८०८ मध्ये इंग्लंडातील मेलबर्न नावाच्या लहान गावी झाला. तो बाप्तिस्त मंडळीचा. सुतारकाम शिकला, आणि विशीत असता खेडोपाडी पायी फिरून सुवार्ता सांगू लागला. दारूने गरीब कुटुंबांची कशी धूळधाण होते हे पाहून तो दारूबंदीच्या चळवळीत पडला. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टर येथून लाफबरो येथील दारूबंदीच्या सभेसाठी खास आगगाडी ठरविली. माणशी एक शिलिंग घेऊन सुमारे पाचशे लोकांना नेले व आणिले. सुट्टी म्हणजे गुत्त्यात बसणे, असे ज्यांच्या आयुष्यात ठरून गेले होते, त्या कामकरी लोकांस त्याने सुट्टीची दुसरी वाट दाखविली. पुढे त्यातूनच धंदा उभा राहिला.

त्याचे चरित्र नुसत्या यशाचे नाही. १८४६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, आणि त्याला पुन्हा उभे राहावे लागले. स्कॉटलंडच्या सहली काढीत असता तो आपल्या प्रवाशांना आयोना बेटावर नेत असे. सहाव्या शतकात संत कोलंबा ह्याने येथूनच स्कॉटलंडात सुवार्तेचे काम केले. लोक तेथील जुने मठ पाहावयास येत; कुक त्यांना तेथील कोळ्यांची गरिबीही दाखवी. त्याने प्रवाशांना देण्यास प्रवृत्त केले, आणि त्या देणग्यांतून आयोनाच्या कोळ्यांसाठी मासेमारीच्या होड्या व जाळी घेण्यात आली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याने प्रवाशांना किनाऱ्यावर नाणी फेकावयास सांगितले नाही. त्याने होडी दिली. नाणे संध्याकाळपर्यंत पुरते; होडी असली की कोळी दुसऱ्या दिवशी स्वतः समुद्रावर जातो. आयुष्याच्या अखेरीस त्याने आपल्या जन्मगावी गरीब माणसांसाठी घरे आणि एक प्रार्थनागृहही बांधविले. १८९२ मध्ये तो मरण पावला.

ह्या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याचा मुलगा जॉन मेसन कुक हा धंद्यात फार हुशार होता. बापाने धर्मकार्य आणि धंदा एकत्र कालवावे हे त्याला मान्य नव्हते. दोघांचे बिनसले, आणि बाप कारभारातून बाजूला झाला. आम्हांस वाटते की, मुलाचे म्हणणे सर्वस्वी चूक नव्हते. गल्ल्यातला पैसा कोणता आणि दानाचा कोणता हे कळेनासे झाले तर धंदाही बुडतो आणि दानही डागाळते. परंतु त्यावर उपाय दान थांबविणे हा नव्हे. दानाचा हिशेब वेगळा ठेवणे, हा उपाय आहे. त्याविषयी आम्ही पुढे सांगणार आहो.

आणि शेवट काय झाला? पुढे ती पेढी अनेक मालकांच्या हातांतून गेली, फार मोठी झाली, आणि कर्जाच्या ओझ्याखाली २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली. (भारतातील त्याच नावाची कंपनी त्यापूर्वीच वेगळी झाली होती; ती चालू आहे.) एकशे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे नाव एका रात्रीत पुसले गेले. माणसाने उभारलेली कोठारे किती दिवस टिकतात, ह्याविषयी प्रभूने लूक १२ मध्ये सांगितलेला दाखला येथे आठवतो. पेढी गेली. पण ज्या कोळ्याने त्या होडीवर आपली मुले वाढविली, त्याचे ते वाढविणे काही मागे घेता येत नाही.

४. आपल्या जवळचे दुसरे उदाहरण

इतके लांब जावयाचे कारण नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात पुरुषवाडी नावाचे आदिवासी गाव आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तेथील झाडे काजव्यांनी लखलखतात. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात 'ग्रासरूट्स' नावाच्या एका लहान पर्यटन-व्यवसायाने गावकऱ्यांशी बोलणी करून तेथे पाहुणे आणावयास सुरुवात केली. पाहुणे गावातच उतरतात, गावकऱ्यांच्या घरचे जेवण जेवतात, गावातलाच माणूस वाट दाखवितो, आणि त्या कामाचे पैसे गावातल्या माणसांस मिळतात.

हे ख्रिस्ती कार्य नव्हे, आणि ते तसे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्यातून एक धडा घेण्यासारखा आहे. गरिबाला मदत करावयाची म्हणजे त्याला हात पसरावयास लावावे असे नाही. त्याच्या हातचे अन्न मोल देऊन खावे, त्याच्या कामाला दाम द्यावा, त्याच्या घरी पाहुणा म्हणून नम्रतेने बसावे, हीही मदतच आहे. आपण सापुताऱ्याला जातो तेव्हा वाटेवर डांगची माणसे नागली, बांबूच्या वस्तू, रानातला मध घेऊन बसलेली असतात. हॉटेलात बिलाविषयी अवाक्षर न काढणारे आपण त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करितो. तेथे घासाघीस न करणे, हे दान नव्हे. तो न्याय आहे. दानाचा आरंभ न्यायापासून होतो.

५. उतारशाळेचा रक्षक

आता आपण प्रभु येशूने सांगितलेल्या दाखल्याकडे वळू. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. याजक गेला, लेवी गेला, शोमरोनी थांबला. पण त्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, आणि त्याच्यावर प्रवचने फारशी होत नाहीत. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक. प्रवाशांना जागा देणे हा त्याचा धंदा. म्हणजे आज आपण ज्या व्यवसायाविषयी बोलत आहो, तोच.

शोमरोन्याने त्याला दोन दीनार दिले. दीनार म्हणजे त्या काळी एका मजुराची एका दिवसाची मजुरी. हे आपल्याला मत्तय २० मधील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून कळते. रक्षकाने पैसे घेतले. त्यात प्रभूने दोष काढिला नाही. जखमी माणसाला ठेवून घेण्याचे मोल घेणे हे पाप नव्हे. उतारशाळा चालली पाहिजे, नाही तर पुढच्या जखमी माणसाला न्यावयाचे कोठे? पण रक्षकाने आणखी एक गोष्ट केली. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, एवढ्या एका परक्या माणसाच्या शब्दावर त्याने ते काम अंगावर घेतले. दार लावून घेतले नाही. रक्ताने भरलेला माणूस आत घेतला तर बाकीचे उतारू काय म्हणतील, असे म्हटले नाही. शोमरोन्याचे प्रेम आणि रक्षकाचे दार, दोन्ही मिळाली तेव्हा तो माणूस वाचला.

आमच्या सुरत शहरात मुघलसराई नावाची जुनी इमारत आहे. १६४४ मध्ये, शाहजहानच्या काळात, ती यात्रेकरूंच्या उतरण्यासाठी बांधण्यात आली. हजला जाणारे लोक त्या काळी सुरतेच्या बंदरातूनच निघत. आज तेथे महानगरपालिकेचे कार्यालय आहे. प्रवाशाला आसरा देणे हे पुण्यकर्म आहे, ही जाणीव आपल्या भूमीत सर्व धर्मांच्या लोकांत आहे. ख्रिस्ती लोकांनीही ती वाट धरिली. मुक्तिफौजेचे लोक १८८२ मध्ये मुंबईत उतरले. त्यांचे कुलाब्याचे उतारगृह स्वस्तात राहू इच्छिणाऱ्या प्रवाशांना ठाऊक आहे. वाय. एम. सी. ए. मुंबईत १८७५ मध्ये सुरू झाली, आणि तिच्याही वसतिगृहांत दूरदूरचे तरुण उतरत आले आहेत. एका हाताने प्रवाशाला खोली द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने गरजवंताची सेवा करावयाची, हे आपल्या मंडळ्यांना नवीन नाही.

६. हे करावयाचे कसे?

उपदेश ऐकून घरी जावयाचे आणि सोमवारी पूर्वीप्रमाणे वागावयाचे, असे होऊ नये म्हणून आम्ही चार व्यवहाराच्या गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट : आधी मजुरी, मग दान. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात (वचन ४) अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानांपर्यंत ओरडत जाते, असे लिहिले आहे. सहली काढणाऱ्या बांधवाने रात्रभर गाडी चालविणाऱ्या ड्रायव्हरला झोप मिळते की नाही, क्लीनर पोराला पोटभर जेवण मिळते की नाही, स्वयंपाक्याचा पगार वेळेवर होतो की नाही, हे अगोदर पाहावे. ड्रायव्हरचा भत्ता कापून अनाथाश्रमाला देणगी दिली तर त्या पावतीवर देवाची सही होणार नाही.

दुसरी गोष्ट : शेताचा कोपरा. लेवीय १९:९-१० मध्ये शेतकऱ्याला सांगितले आहे की, शेताचे कोपरे साफ कापू नको. ते गरिबासाठी व परक्यासाठी राहू दे. बसला शेत नसते, पण जागा असतात. समजा, एखादा बांधव पन्नास जागांची बस नेतो. त्यांतील दोन जागा त्याने कोपरा म्हणून सोडाव्यात. एखाद्या विधवेला व तिच्या मुलाला गावी नेऊन पोहोचवावे. दोन जागांचा खर्च अठ्ठेचाळीस जणांत वाटला तर माणशी किती येतो, हे संडे स्कूलच्या मुलांनाही काढिता येईल. माणशी भाडे हजार रुपये असेल तर प्रत्येकाला साधारण बेचाळीस रुपये जास्त पडतात. एका वेळच्या चहा-नाश्त्याएवढे. मात्र त्या दोन जागांवर कोण बसले आहे हे माईकवरून सांगू नये. रूथ बवाजाच्या शेतात आली तेव्हा तिला लाजवू नका, असे त्याने आपल्या गड्यांना बजाविले होते. कोपऱ्याचे दान असे मुकाट्याने व्हावे.

तिसरी गोष्ट : प्रवाशाला आठवण द्यावी, सक्ती करू नये. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल सांगतो की, देणे मनापासून असावे, जुलमाने नसावे. सहल काढणाऱ्याने बसमध्ये एक लहान पेटी ठेवावी आणि हा पैसा कोठे जातो हे दोन वाक्यांत सांगावे. बस, एवढे पुरे. जो देणार नाही त्याच्याकडे पाहू नये. जो देईल त्याचे नाव घेऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मालकाने आपल्या नफ्यातला वाटा आधी टाकावा. दुसऱ्याच्या खिशातून दान करून आपले नाव मोठे करावयाचे, हा मोह फार सूक्ष्म आहे. आपल्या दानाची जाहिरात करून जास्त गिऱ्हाईक मिळविले तर, मत्तय ६ प्रमाणे, आपले प्रतिफळ आपल्याला मिळून चुकले.

चौथी गोष्ट : हिशेब उघडा असावा. यहूदीयातील गरीब पवित्र जनांसाठी पौलाने मंडळ्यांतून मोठी रक्कम गोळा केली. पौलावर कोण अविश्वास दाखविणार होते? तरी त्याने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधू पाठविला, कारण ह्या रकमेविषयी कोणी दोष लावू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही सर्व नीट दिसावे, ही त्याला काळजी होती. पौलासारख्या प्रेषिताला जे आवश्यक वाटले ते आपल्याला अनावश्यक कसे? पेटी दोघांनी मिळून उघडावी, रक्कम वहीत लिहावी, ज्या संस्थेला दिली तिची पावती फलकावर लावावी. अशाने जॉन कुकची भीतीही निघून जाईल, आणि बाप कुकचे मनही दुखावणार नाही.

७. कोठे द्यावे?

ह्याविषयी आम्ही हुकूम करीत नाही. एक गोष्ट मात्र सुचवितो. आपण ज्या वाटेने सुट्टीला जातो, त्या वाटेकडे पाहावे. उधन्याहून खानदेशाकडे जाणारी गाडी नवापूर सोडल्यावर चिंचपाड्याला येते. तेथे एक ख्रिस्ती रुग्णालय आहे, आणि भोवतालच्या आदिवासी भागातील गरीब रोगी तेथे येतात. आपल्यापैकी किती जण त्या स्टेशनावरून दरवर्षी दोनदा गेले असतील! खिडकीतून पाहिले असेल, कदाचित चहाही घेतला असेल. यरीहोच्या वाटेवर याजक आणि लेवी हेही रस्त्यानेच जात होते. त्यांनी पाहिले आणि ते पलीकडच्या बाजूने गेले. वाट आपल्या सवयीची झाली की वाटेवरचे दुःख दिसेनासे होते.

आणि पैसे थोडे आहेत म्हणून कोणी मागे राहू नये. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळीतील स्त्रियांची एक रीत सांगण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्या प्रत्येक वेळी स्वयंपाकाला बसताना तांदळाची एक मूठ देवासाठी बाजूला काढून ठेवीत आल्या आहेत. त्या मुठी एकत्र होतात, विकल्या जातात, आणि त्या पैशांतून सुवार्तेचे काम चालते. घरात भात शिजतो आहे तर देवालाही मूठ आहे, असा त्यांचा साधा हिशेब. मग आपल्या घरात सहलीचा बेत शिजतो आहे तर त्यातली एक मूठ काढणे आपल्याला जड का जावे?

नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, आज रडू नका. चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्यासाठी काही तयार केलेले नाही त्यांना वाटे पाठवा. खाणे आणि पाठविणे ही दोन्ही कामे एकाच दिवसाची आहेत. आधी खाऊन घेऊ आणि उरले तर पाठवू, असे तेथे नाही. पाठविण्याचा वाटा ताटे मांडतानाच काढावयाचा असतो.

संडे स्कूलच्या शिक्षकांस एक विनंती. पुढच्या सहलीची वर्गणी ठरविताना मुलांनाच एकत्र बसवावे. अनुवाद १६:१४ मधील यादी फळ्यावर लिहावी, आणि आपल्या वेशीच्या आत ह्या यादीतले कोण कोण आहेत, असे त्यांना विचारावे. मुले उत्तरे देतील. कधी कधी मोठ्यांना ठाऊक नसलेली नावेही सांगतील. ती नावे शिक्षकांनी आपल्याजवळ ठेवावी, आणि सहलीचा खर्च काढताना ती मोजावी. ज्या मुलाने लहानपणी हे गणित केले, तो मोठेपणी बस घेईल, दुकान घालील, की मागावर काम करील, कोठेही असला तरी कोपरा सोडावयास विसरणार नाही.

ज्या प्रभूला जन्माच्या वेळी उतारशाळेत जागा मिळाली नाही, तो आज कोणत्या दाराशी उभा आहे हे त्याने मत्तय २५ मध्ये आपल्याला सांगून ठेविले आहे. आमच्या सुट्टीत, आमच्या गाडीत, आमच्या धंद्यात त्याच्यासाठी जागा असावी, असे मन तो आपणां सर्वांस देवो. आमेन.